खुर्चीमागची काठी

तीर्थरूप आईस, लांबूनच पाया पडते.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, खोकलाही गेला.

परवा आम्हाला हवी होती तशी ताऱ्यांची जोडी सापडली. त्यातला एक श्वेतबटू, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा गाभा. तो जोडीदाराचा वायू ओढून घेत असतो. लाल काचेतून काढलेल्या फोटोत सगळं साधंसुधं दिसतं; निळ्या काचेतून तोच ठिपका भलताच झगझगतो. म्हणून आम्ही एका रंगावर विसंबत नाही. शिवाय त्याच जागेचे जुने-नवे फोटो शेजारी ठेवून बघतो. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या नजरेतून काही सुटत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईने जानेवारीत पाठवलेल्या फोटोत तुझ्या खुर्चीमागे काही नव्हतं. मार्चच्या फोटोत काठी होती. मी फोनवर विचारलं, तर म्हणालीस, "अगं, शेजारच्या काकांची, विसरून गेलेत." मेच्या फोटोतही ती तिथेच. काका दोन महिने काठीशिवाय कसे चालले गं?

खरं सांगते, मला मार्चमध्येच कळलं होतं. पण मोठ्या दुर्बिणीवर आम्हाला नेमून दिलेल्या रात्री तोंडावर आल्या होत्या, आणि तुझं खोटं माझ्या सोयीचं होतं.

कुठे पडलीस? ताईला तूच गप्प बसवलंस ना?

एकवीस तारखेला येतेय. दारात येशील तेव्हा काठी लपवू नकोस. तिच्यावर टेकून उभी राहा. मला नीट बघू दे.

तुझी,
बघूनही न बघणारी धाकटी