मोजणीत एक जास्त

३ मार्च, गुरुवार. दुपार.
हिशोबाच्या वहीची मागची पानं कोरी राहिली आहेत. वाया कशाला घालवायची, म्हणून इथे लिहिते. एरवी मला रोजनिशीचं वेड नाही.

ह्यांना जाऊन आज सहा आठवडे झाले. आज त्या ग्रुपला कळवून टाकायचं. ठरलं.

ग्रुप म्हणजे ह्यांच्या मोबाइलमधला. ‘गणनायान’ नावाची अवकाशातली विनोदी मालिका बघणाऱ्या एक्केचाळीस रिकामटेकड्यांचा. एक सरकारी यान ग्रहाग्रहांवर जाऊन डोकी मोजतं आणि मोजणी कधी जुळत नाही, एवढीच काय ती गोष्ट. कप्तानाला उंचीची भीती. यंत्रमानव शिष्टाचार म्हणून खोटं बोलतो. प्रत्येक भागाच्या शेवटी यानावरचा कारकून यानातलीच माणसं मोजतो. आठ असायला हवीत, नऊ भरतात. नववा कोण, यावर चांगली शिकलेली माणसं आठवडाभर भांडतात. मी नुसती मॅट्रिक, पण मला एवढी अक्कल आहे. मी बघत नाही.

संध्याकाळ, सात.
कळवलं नाही. कारण आहे. मोबाइल कपाटातून काढून चालू केला तर ग्रुपच्या ढिगात ह्यांच्या नावाचे, दर गुरुवारचा एक, असे सहा निरोप आले. सगळे अॅडमिनचे. ‘मीटरवाले काका, आजची चूक?’ (हे पाणीपट्टी खात्यात मीटर वाचायचे, म्हणून तिथे मीटरवाले.) भाग संपला की त्यातली मोजणीची चूक काढून ग्रुपवर टाकायची, हा ह्यांचा मान. म्हणजे चूक मी स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची आणि हे लिहायचे. बघत नसले तरी ऐकू येतंच ना.

तेवढ्यात सातवा निरोप आला. आजची चूक मला सापडली होती. विचारल्यावर उत्तर न देणं बरं दिसत नाही. ह्यांच्याच ढंगात लिहिलं. माथ्यावर देवाचं नाव, उजवीकडे तारीख, मग: ‘सहाव्या मिनिटाला प्राणवायूच्या टाक्या चौदा दाखविल्या, बाराव्या मिनिटास तेरा. दरम्यान कोणी वापरलेली नाही. हा. हा. हा.’

हे ‘हा हा हा’ नेहमी घालायचे. मी विसरले नाही. कुणाला काडीचा संशय आला नाही. पुढच्या गुरुवारी नक्की कळवणार.

१० मार्च, गुरुवार.
कळवलं नाही. आज तब्येत ठीक नव्हती.

टीव्ही फक्त चूक पकडण्यापुरता लावला. मी पाटावर, भिंतीला टेकून. ह्यांची खुर्ची रिकामी, आहे तिथेच, बैठकीच्या वेताला ह्यांच्या आकाराचा खळगा. यंत्रमानवाने कप्तानाला सांगितलं की साहेब, आपण फक्त दीड फूट उंचीवर आहोत, आणि खाली अख्खा ग्रह गरगरत होता. खुर्चीकडून हसू आलं. छोटंसं, नाकातून. ह्यांचंच.

वळून बघितलं. कोणी नाही.

पंखा बंद केला. खिडकी लावली. वेत आकसतो, आवाज करतो, हे मला माहीत आहे. घाबरले नाही. दिवा लावून एक माळ जप जास्त केला, तो एरवीही करायचाच होता.

१२ मार्च, शनिवार.
सकाळी चहा दोन कप झाला. तिसऱ्यांदा. माप चुकलं. भांडंच दोन कपांचं आहे, त्याला मी काय करणार? दुसरा कप दुपारी गरम करून प्यायले. फेकला नाही.

१७ मार्च, गुरुवार.
ग्रुपवर हाहाकार. मालिका एकतीस तारखेला संपणार, शेवटच्या भागात नववा कोण ते सांगणार. टॅक्सीवाला म्हणतो, नववा म्हणजे विनातिकीट घुसलेला प्रवासी, मी रोज असे बघतो. नर्सबाई म्हणतात, नववा मेलेला आहे, त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. टॅक्सीवाला म्हणाला, बाई, विनोदी मालिका आहे, तुमचा वॉर्ड नव्हे. यावर दीडशे निरोप झाले. मी सगळे वाचले, कारण मध्येच वाचणं सोडलं तर संदर्भ लागत नाही.

नर्सबाईंनी ह्यांना विचारलं, काका, तब्येत कशी आहे? मी लिहिलं, ‘पूर्वीपेक्षा शांत आहे.’ खोटं बोलले नाही.

आजही हसू आलं. दोनदा.

आणि चपलांचं लिहायचं राहूनच गेलं. ह्यांना नेलं त्या दिवशी दारातून ह्यांच्या चपला नाहीशा झाल्या. जागेवर कुणाच्या तरी भल्यामोठ्या काळ्या चपला. गर्दी खूप होती, ऑफिसातला एक जाडा माणूस दारात बसून लहान मुलासारखा रडत होता, मी कुणाच्या पायाकडे बघणार? पण सात वर्षांच्या झिजलेल्या चपला चोर नेत नाही. हे त्या घालून गेले. दुसरं काही संभवत नाही. काळ्या चपला कुणाच्या, तेवढंच जुळत नाही. रोज सकाळी झाडताना त्या उचलते आणि परत तिथेच ठेवते. एक जोड जास्त.

२० मार्च, रविवार.
लेक आली. रविवारी सकाळी जुना भाग पुन्हा दाखवतात, तो तिला दाखवला. मुद्दाम. म्हटलं, आता ऐक. कप्तान शिडीवर चढायला लागला आणि आलं हसू. मी म्हटलं, ऐकलंस? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, आई, तू हसलीस. अगदी बाबांसारखी हसलीस.

मी म्हटलं, कान तपासून घे. असल्या फालतूपणाला मी आजवर हसले नाही.

मग ग्रुप बघितला तिने. माझ्या चुका वाचल्या, देवाच्या नावापासून हा. हा. हा. पर्यंत. मग म्हणाली, हा फोन मला दे. मी म्हटलं, रिचार्ज वर्षाचं आहे, फुकट जाईल. तर म्हणे, रिचार्ज संपेपर्यंत बाबांना चालू ठेवणार आहेस का?

वडिलांवर गेली आहे. तोंडाने.

२४ मार्च, गुरुवार.
आज लिहून टाकते. उद्या पान फाडलं तरी चालेल.

वीस जानेवारी. गुरुवार. मालिका चालू होती, हे खुर्चीत, मी आत भाजी चिरत होते. हे मोठमोठ्याने हसत होते. मी ओरडले, आवाज कमी करा. टीव्हीचा आवाज तसाच राहिला, ह्यांचं हसणं थांबलं. मला बरं वाटलं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं म्हणून. भाजी चिरली, विळी धुतली, ओटा पुसला. मध्ये एक चूकही सापडली, इंधनाची पिंपं अकराची दहा झाली होती. ओरडून सांगितली. उत्तर नाही. म्हटलं, रागावले असतील.

वीस मिनिटांनी बाहेर आले.

डॉक्टर म्हणाले, लगेच आला असतात तरी फरक पडला नसता. डॉक्टरांना काय. आवाज कमी करा असं ते नव्हते म्हणाले.

ती पिंपांची चूक मी अजून ग्रुपवर टाकलेली नाही. टाकणारही नाही.

शेवटच्या भागानंतर सगळं कळवायचं. देवासमोर सांगितलंय, आता मागे फिरणं नाही.

३१ मार्च, गुरुवार. संध्याकाळ.
झाली एकदाची.

नववा कोणीच नव्हता. कारकून स्वतःला दोनदा मोजत होता. सुरुवातीला मोजणारा म्हणून एक, आणि यादीत आपलं नाव आलं की पुन्हा एक. कप्तानाने बोट ठेवून दाखवलं. कारकून म्हणाला, तरीच, मला वाटायचं सोबत आहे. संपलं.

ग्रुपचा संताप बघण्यासारखा. टॅक्सीवाला म्हणतो, तीन वर्षं गुरुवारची भाडी सोडली ती ह्यासाठी? एकाने टीव्हीला उशी मारली म्हणे. नर्सबाई म्हणाल्या, ह्यापेक्षा मेलेला बरा होता.

मी टीव्ही बंद केला. खुर्चीकडून हसू आलं नाही. मी तोंड घट्ट मिटून बसले होते, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही.

मग लिहिलं. माथ्यावर देवाचं नाव. तारीख. ‘मीटरवाले दि. २० जानेवारी रोजी वारले. ३ मार्चपासूनचे सर्व निरोप त्यांच्या पत्नीने पाठविले आहेत. त्या दिवशी इंधनाची पिंपे अकराऐवजी दहा दाखविली होती, तेही नोंदवून घ्यावे. चूकभूल द्यावी घ्यावी.’

मोबाइल पालथा ठेवला. फसवणूक म्हणजे फसवणूक. चाळीस माणसांच्या शिव्या खायच्या आहेत. देवाजवळ बळ मागितलं.

१ एप्रिल, शुक्रवार. सकाळ.
शिव्या नाहीत.

अॅडमिनने लिहिलं, काकू, आम्हाला माहीत होतं. काकांना नेलं त्या दिवशी मी घरी आलो होतो. ग्रुपवर लिहायला हात धजला नाही, एकेकाला फोन करून सांगितलं. गुरुवारी मात्र सवयीने बोट जायचं, काका, आजची चूक? उत्तर येणार नाही हे माहीत असून विचारायचो. आणि तीन मार्चला आलं की हो! ताडकन उठून उभा राहिलो.

टॅक्सीवाल्याने लिहिलं, काकांनी जन्मात कधी पूर्णविराम दिला नव्हता. ते ‘हा. हा. हा.’ वाचलं तेव्हा गाडीत गिऱ्हाईक होतं. गाडी कडेला घेतली. गिऱ्हाईक विचारतंय, अहो, हसताय की रडताय?

म्हणजे माझा ढंग पहिल्याच दिवशी उघडा पडला होता. आणि मी चार आठवडे अक्षर न् अक्षर तोलत बसले होते.

नर्सबाई म्हणाल्या, जरा वर सरकवून वाचा, काकांचं जुनं. मी कधी वर सरकवलंच नव्हतं. दुसऱ्याचं टपाल वाचू नये. पण सांगितलं म्हणून वाचलं. तीन वर्षांच्या चुका. प्रत्येकीखाली एक ओळ, ‘पकडणार घरच्या हिशोबनीसबाई मी फक्त पोस्टमन’. प्रत्येकीखाली. मला कधी बोलले नाहीत.

शेवटचा निरोप वीस जानेवारी, सहा एक्केचाळीस. ना स्वल्पविराम ना काही.

‘आवाज कमी करायचा हुकूम आलाय हसणं बंद केलं टीव्ही तसाच ठेवलाय तिला आत ऐकू नको यायला का नाहीतर चूक कोण पकडणार हा हा हा’

दहा वेळा वाचलं. मग चष्मा पुसला. काच फार खराब झाली आहे.

२ एप्रिल, शनिवार.
अॅडमिन आला होता. कवळ्या बनवतो. तोच तो जाडा माणूस, ऑफिसातला नव्हेच. दारातच ओशाळून उभा. म्हणाला, काकू, त्या दिवशी डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पायात आल्या त्या घातल्या, टाचा बाहेर येत होत्या तरी घरी गेल्यावर कळलं. मग परत यायची लाज वाटली. हातात कागदात गुंडाळलेल्या ह्यांच्या चपला. झिजलेल्या अंगठ्यासकट. आपल्या काळ्या जाताना घालून गेला.

ह्यांच्या खुर्चीत बसला. खुर्ची कुरकुरली, मी काही बोलले नाही. चहा दोन कप केला. बरोबर पुरला.

जाताना म्हणाला, काकू, नवीन मालिका येते आहे, पाणबुडीतलं पोस्ट ऑफिस. टाकायच्या ना चुका? मी स्पष्ट सांगितलं, मला असल्या गोष्टींना वेळ नाही. किती वाजता आहे, तेवढं विचारून ठेवलं.

घर पुन्हा मोजलं. माणूस एक. चपला दोन जोड. जुळलं.

ह्यांच्या पुसून जागेवर ठेवल्या. म्हणजे त्या घालून गेले नाहीत. अनवाणीच गेले.

अनवाणी गेले, म्हणजे फार लांब गेले नसतील.