लिफ्टजवळचा खिळा

नवी दिल्ली,
६ जुलै २०२५

ती. आईस,
अक्षदाचा दिल्लीहून साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोन केला की आदेशदादा स्पीकर लावतो, आबा मधूनच पगाराचं विचारतात आणि तू मागून जेवलीस का एवढंच म्हणतेस. म्हणून पत्र. तू चौथी शिकलेली आहेस, सरपंच असताना रोज पेपर वाचायचीस, तेव्हा लिहिता येत नाही असं सांगू नकोस.

नोकरी बरी चालली आहे. आमची राष्ट्रीय पूल तपासणी संस्था म्हणजे कुठलाही मोठा पूल वाहतुकीला खुला करण्याआधी तो तपासणारं सरकारी खातं. मी तिथं स्टेनो. बैठकीत कोपऱ्यात बसायचं आणि कोण काय बोललं ते उतरवून घ्यायचं. तिसऱ्या मजल्यावर आजवरच्या महासंचालकांचे फोटो ओळीनं लावले आहेत. सगळे पुरुष. बायका दोनच, त्याही ओळ सोडून पार लिफ्टजवळ. पहिली बाई सत्त्याऐंशी साली आली. साहेब अचानक सोडून गेले, दुसरा साहेब मिळेपर्यंत तिनं खातं चालवलं. प्रभारी होती म्हणून फोटो ओळीत घेतला नाही. दुसरी वीसेक वर्षांनी आली, पूर्ण हुद्द्यावर, पण निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना. तिचा फोटो बाईशेजारी बाई म्हणून तिथंच लागला. शेजारी तिसरा खिळा आधीच ठोकून ठेवलाय. आमच्या आताच्या मॅडमसाठी.

पण मॅडम पाच वर्षांसाठी आल्या आहेत, पूर्ण मुदतीच्या पहिल्याच बाई. वाचल्याशिवाय कशावरही सही करत नाहीत. मला नावानं नाही, जुन्नर म्हणून हाक मारतात, कारण माझं कॉलेज तिथलं. आई, राग मानू नकोस, पण तू सरपंच असताना गावचा कारभार हाकणाऱ्या गेणभाऊकाकांच्या बुलेटवर सरपंच असं रंगवलेलं होतं आणि शाळेतल्या मुली मला त्यावरून हसायच्या. मॅडमकडे बघितलं की ते सगळं धुऊन निघाल्यासारखं वाटतं.

धाकट्या आरोहीचा अभ्यास विचार. माया आहे तेवढीच राहू दे.
तुझी,
अक्षदा


वाडी, ता. आंबेगाव
२० जुलै २०२५

चि. अक्षदास आईचे आशीर्वाद. वि. वि.

वि. वि. म्हंजी काय ते मला अजून ठाऊक नाय, पण गुरुजींनी शिकवलेलं हाये, ते टाकल्याबिगर पत्र पुढं सरकत नाय.

तुझ्या मॅडम वाचल्याबिगर सही करीत नायत हे वाचून बरं वाटलं. टोमणा पोचला. बुलेट गेणभाऊंनी मागल्या साली इकली, सरपंच हे अक्षर तसंच ठेवून. घेणाऱ्यानं म्हणं त्याचे जादा पैशे दिले. आता मंचरच्या बाजारात बिनइलेक्शनचा सरपंच फिरतोय.

डिंभ्याचं धरण भरत आलंय. तुझ्या आबांचं गुडघं दुखतंय, पण ते तमाशाचं नाव काढलं की बरं व्हतं. आरोही जुन्नरला होस्टेलात हाये, नर्सिंगचं म्हणती. तिला अवसरी बुद्रुकचं एक स्थळ आलंय. पोल्ट्री हाये, माणसं चांगली हायेत. आदेशनं सांगितलं की अक्षदा फी भरती तवर शिकू द्या, ज्या दिवशी तिचं थांबल त्या दिवशी सुपारी फोडू. आबा बी हो म्हणले. मला कुणी विचारलं नाय. आरोहीनं मातर माझा हात लई घट्ट धरला व्हता.

तवा पोरी, नोकरी जप. कधी पक्की व्हती ते कळव. पत्र आरोही जुन्नरच्या टपालात टाकील.

जीव लावतीस तसा लावत रहा.
तुझी आई


नवी दिल्ली,
१४ सप्टेंबर २०२५

ती. आईस,
सा. नमस्कार. वि. वि.

पेपरात आलं असेल. एका लांबच्या राज्यात नवा पूल खचला. त्यावरून जाणारा टेम्पो नदीत गेला, त्यात चार माणसं होती. लग्नाचं सामान घेऊन चालली होती.

तो पूल आमच्याकडे तपासणीला आला होता. जूनच्या बैठकीत टेबलाभोवती सगळे पुरुष, मॅडम एकट्या आणि कोपऱ्यात मी. मॅडम स्पष्ट म्हणाल्या की पूल तयार नाही, मी परवानगी देणार नाही. वरून फोन आला, तरी त्यांनी तेच सांगितलं. मग त्या परदेशी परिषदेला गेल्या, तेवढ्या आठवड्यात उपमहासंचालकांनी परवानगी दिली आणि फीत कापली गेली. आता ते सगळे सांगतात की बैठकीत मॅडमची संमती होती. छापून आलेल्या इतिवृत्तातही तसंच आहे. माझी टिपणवही उपमहासंचालकांनी तेव्हाच मागून नेली होती, ती आता सापडत नाही म्हणे. बाई आहे, गोंधळली असेल, असं कॅन्टीनमध्ये बोलतात. आता परत कुठल्या बाईला बसवायला नको असंही बोलतात.

चौकशी बसली आहे. त्या खोलीत खरं सांगणारी मीच उरले. उपमहासंचालकांनी मला बोलावून प्रेमानं चहा पाजला. म्हणाले, बेटा, तू अजून प्रोबेशनवर आहेस, ऑक्टोबरमध्ये तुझी ऑर्डर निघायची आहे. खोटं बोल असं कोण म्हणतंय, आठवत नाही एवढंच म्हण. मॅडमनी मला काहीच सांगितलेलं नाही. फक्त जुन्नर, झोप घेत जा, असं म्हणाल्या.

आई, मी खरं सांगणार आहे. नोकरी गेली तर आरोहीचं काय होईल ते माहीत आहे, रात्रभर तेच डोळ्यापुढे येतं. पण सही करा म्हटलं की सही करायची आणि काढलं की गप घरी बसायचं, हे मला जमणार नाही. तू एकदा तरी हो म्हण, म्हणजे मला बळ येईल.

तुझ्याच आधारावर असलेली,
अक्षदा


वाडी,
२१ सप्टेंबर २०२५

चि. अक्षदास आशीर्वाद. वि. वि.

तुला वाटतं मला येत नव्हतं म्हणून मला काढलं. गावानं तसंच सांगितलं, मीबी तसंच राहू दिलं. तू आठवीत व्हतीस.

गेणभाऊंनी एक ठराव आणला व्हता. गायरान खडीच्या क्रशरला द्यायचं. म्हणले, वहिनी, हितं सही. तोवर मी हितं हितं करीत सगळ्या सह्या केल्या व्हत्या. त्या दिवशी म्हणलं, घरी नेते, वाचते. वाचलं आणि सांगितलं, करणार नाय. आठ दिसात अविश्वास ठराव आला. तुझी ठकूचुलती बी मेंबर व्हती. आमी दोघी एकाच मांडवात ह्या घरात आलेल्या जावा. आदल्या दिवशी तिनं माझ्या डोक्याला हात लावून शब्द दिला व्हता. सभेत गेणभाऊंनी तिच्याकडं बघितलं. तिनं डोळे मिटले आणि हात वर केला. मी एकटी राहिले. तुझे आबा पावसाळाभर माझ्याशी बोलले नाय, ताट वाढलं की उठून जायचे.

आणि क्रशर आज बी चालू हाये. धूळ आपल्याच भांड्यावर बसती, रोज मीच धुते. मंग माझ्या नाय म्हणण्यानं काय झालं सांग.

म्हणून पाया पडून सांगते, तू बोलू नगंस. मॅडम मोठ्या हायेत, त्यांना पेन्शन मिळंल. आरोहीला काय मिळंल. तिला अवसरीला नांदायला पाठवायचं माझ्या अंगात बळ नाय. सायेब म्हणतो तसं म्हण, आठवत नाय. दोन शब्द जादा जड नसतात.

रागावू नगंस, तेवढी माया ठेव.
तुझी आई


नवी दिल्ली,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आईस,
नमस्कार. वि. वि.

तू म्हणालीस तसं केलं.

तुझं पत्र पर्समध्ये होतं. खोलीत समितीचे चार जण, त्यांच्यासमोर मॅडम, आणि कोपऱ्यात माझ्याच जागेवर दुसरी स्टेनो. मला विचारलं की मॅडमनी बैठकीत नकार दिला होता का. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी खाली बघितलं आणि मला आठवत नाही म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, तेवढाच आवाज झाला.

बाहेर लिफ्टपाशी त्या उभ्या होत्या. मला वाटलं बोलतील. त्यांनी फक्त माझी ऑर्डर निघाली का ते विचारलं. मी म्हणाले निघेल. त्या म्हणाल्या, छान. जुन्नर म्हणाल्या नाहीत. लिफ्ट आली, त्या गेल्या, मी जिन्यानं उतरले.

चौथ्या दिवशी त्यांना पदावरून काढलं. लगेचच फोटो लागला. खिळा होताच, वेळ लागला नाही. आता उपमहासंचालक प्रभारी आहेत, पण कॅन्टीनमध्ये सगळे म्हणतात की त्यांचा फोटो ओळीतच लागणार. माझी ऑर्डर शुक्रवारी आली, मी कायम झाले. आरोहीची वर्षाची फी पाठवली आहे. रोज लिफ्ट घ्यावी लागते, आमचा विभाग आता सातव्या मजल्यावर हलवलाय, आणि लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबतेच.

आई, तुला बरं वाटलं ना, तेवढं लिही. बाकी काही नको.

तुझी,
अक्षदा


वाडी,
२४ ऑक्टोबर २०२५

चि. अक्षदास आशीर्वाद. वि. वि.

फी पोचली. अवसरीच्या माणसांना नाय कळवलं. आरोही भाऊबीज करून आज सकाळच्या यष्टीनं जुन्नरला गेली, जाताना हसत व्हती. आदेशनं तुझ्या नोकरीचे पेढे वाटले. आबा पारावर सगळ्यांना सांगतात, माझी पोरगी दिल्लीला पक्की झाली.

ठकूबाई फराळाचं ताट घेऊन आली व्हती. दर दिवाळीला येती. उंबऱ्यातच उभी ऱ्हाती, ताटाकडं बघून बोलती आणि जाती. चांगली हाये ती, माझ्या बाळंतपणात तिनंच केलं. इतक्या वर्षांत तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं नाय. मी तिला कधी काय बोलले नाय. तुलाबी बोलणार नाय.

तू विचारलंस बरं वाटलं का. आरोहीचं बघून वाटलं. ती जगली, ती तुझ्यामुळं. माझ्या मागण्यावरनं तू केलंस, ते पाप असलं तर माझ्या नावावर धर.

पण विचारलंस म्हणून लिहिते. ते पत्र मी आई म्हणून लिहिलं. आरोहीच्या हातात दिलं, ती पेटीत टाकून आली, आणि तवापासनं भांडी घासताना रोज मनात यायचं, माझी पोरगी शिकलेली हाये, ती माझं ऐकायची नाय.

होळीला ये. माया हाये तशीच हाये, पण उंबऱ्यात उभी राहू नगंस, आत ये.
तुझी आई