शीलाचा फाटलेला स्वर

रविवार, संध्याकाळ

आत्ताच नंदनवनहून, शीलाच्या घरून आले, तिचा नवा अल्बम ऐकून. गळ्याच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज घोगरा झाला, तेव्हा "आता गाणं पुरे कर," असं मीच तिला सांगितलं होतं. मैत्रीण म्हणून. खरंच मैत्रीण म्हणून? त्यानंतर दहा वर्षं ती गायलीच नाही.

सगळी गाणी तिचीच, शब्दही आणि चालही. तिसऱ्या गाण्यात वरच्या स्वराला तिचा आवाज फाटतो. स्टुडिओवाला पुन्हा रेकॉर्ड करू म्हणत होता. ही म्हणाली, "काहून? माह्या गळ्याचं जे झालं, ते लोकायले ऐकू दे."

तो फाटलेला स्वर मी तीनदा लावायला लावला. अंगावर काटा आला. तिच्या पूर्वीच्या गोड गळ्याला हे कधी जमलं नसतं. आणि मी तिला गप्प बसवलं होतं!

शेवटी राहवलं नाही. म्हणाले, "शीला, माह्यं चुकलं वं."

"चुकलंच," ती शांतपणे म्हणाली. "पण मी तुह्यं ऐकलं, ते माह्यं चुकलं."

मला रडू आलं, तशी तिने माझा हात धरला.

"आता चूप बस. चौथं गाणं ऐक."