आईंच्या डब्याचं बायोस

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बायोस म्हणजे काय!! सकाळपासून कॉम्प्युटर एकच पाटी दाखवतोय — बायोस सापडलं नाही. अरे, मी हरवलं कधी?

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझं मलाच कळायचं नाही. सासूबाईंचा खेळाचा डबा — टीव्हीला जोडायचा, आत चकती घालायची आणि खेळायचं — चकती वाचेनासा झालाय. डबा नवऱ्याने कॉलेजात असताना घेतलेला. तो नोकरीला लागला आणि आईंनी बळकावला. नळ जोडत जोडत बागेला पाणी सोडायचं, असा खेळ. कोर्टात कारकून होत्या. घरी आल्या की आधी बाग, मग चहा. आता बाकीचं सगळं डोक्यातून निसटत चाललंय, पण कंट्रोलर हातात घेऊन काळ्या पडद्यासमोर बसतात. वाट बघत. मग कंटाळतात आणि दार उघडून चालू लागतात. मागच्या महिन्यात बसस्टॉपवर सापडल्या, पायात माझ्या चपला!

नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, कॉम्प्युटरमध्ये तसाच डबा उभा करता येतो. एम्युलेटर. फुकट मिळतो, त्यात गैर काही नाही. पण खऱ्या डब्याच्या पोटात एक प्रोग्रॅम असतो, त्याच्याशिवाय डबा जागाच होत नाही. तो कंपनीचा, म्हणून एम्युलेटरवाले देत नाहीत. ज्याचा त्याने आपापल्या डब्यातून काढायचा. तेच हे बायोस. म्हणजे नकली डब्याला खरा जीव! डोकं गरगरतंय.

बुधवार, ५

नवरा म्हणतो, "अगं, नेटवर दोन मिनिटांत मिळेल."

"ते चोरीचं."

"आईला कळणार आहे का?"

"मला कळेल ना!"

मी प्रूफं वाचून पोट भरते. ज्या पुस्तकापायी माझ्या चष्म्याचा नंबर वाढला, त्याच्या चोरून छापलेल्या प्रती फुटपाथवर पाहिल्यात. आणि आई तर आई, कोर्टातली सवय जात नाही. परवा टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्या बाईलासुद्धा विचारलं, "पावती आहे का?"

शुक्रवार, ७

नणंदबाईंचा फोन. "ती वृद्धांची संस्था चांगली आहे गं. बाग आहे, नर्स आहे. तू घरी बसून काम करतेस — काम करशील की तिच्यामागे धावशील?"

मग अटच घातली. रविवारी, १६ ला त्या येणार. तासभर आई एका जागी बसल्या आणि मी माझं काम केलं, हे डोळ्यांनी दिसलं, तर पुन्हा संस्थेचं नाव काढणार नाहीत. नाहीतर महिनाअखेर आईंची रवानगी.

फार राग आला. कारण त्यांचं चुकत नाही! मी दमलेय. पण आई जायला नकोत मला. लग्न होऊन आले तेव्हा या घरात माझी बाजू घेणारं एकच माणूस होतं, तेही वकिलासारखं भांडून.

शनिवार, ८

डबा पिशवीत घालून रेडिओवाल्या काकांकडे. रेडिओ आता कुणी आणत नाही, मिक्सर दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानात जुना टीव्ही आहे. एका गिऱ्हाइकाने विसरलेलं एक कार्डही आहे, ते डब्यात घातलं की चकतीशिवाय डबा सुरू होतो म्हणे. कसं, ते काकांनाही ठाऊक नाही. "मला विचारू नका, मी पण तुमच्यासारखाच चाचपडतोय."

निळा पडदा आला. नुसतं इंग्रजी. काका म्हणाले, "हे दाबू?" मी म्हणाले, "दाबा." सगळा कारभार असा! दाबता दाबता बायोस पेनड्राइव्हवर उतरलं. आमच्या डब्याचं, आमच्यापुरतं. मला उगीचच स्वतःचा अभिमान वाटला.

सोमवार, १०

चालत नाही.

आता पाटी वेगळी — बायोस सापडलं, पण ग्राह्य नाही. ग्राह्य नाही म्हणजे? डबा आमचा, बायोस आमचं, मग नडतंय कुठे?

मंगळवार, ११

नडतंय कुठे, काही कळत नाही. आई दोनदा दाराशी. प्रूफं तशीच पडलीत.

बुधवार, १२

कळलं! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटतेय.

शनिवारी घरी आल्यावर ती फाइल मी उघडून पाहिली होती. कुठे? मी जिथे सगळंच उघडते तिथे — प्रूफं तपासते त्या प्रोग्रॅममध्ये. पानंच्या पानं चौकोन आणि किडेमुंग्या. मधेच एखादा धड इंग्रजी शब्द. त्यात दोन शब्दांमध्ये जास्तीच्या जागा सुटलेल्या दिसल्या. मी काढल्या. हो, काढल्या! हात आपोआप गेला. आणि शहाण्यासारखं सेव्ह करून मग बंद केलं.

आज नवऱ्याने विचारलं, "या फाइलवर शनिवारी संध्याकाळची वेळ कशी? तू काही केलंस का?" मी म्हणाले, "काही नाही, थोडं शुद्ध केलं." तो एवढा हसला की आईपण हसायला लागल्या. कशाला ते त्यांना ठाऊक नव्हतं. बऱ्याच दिवसांनी घरात सगळे एकदम हसलो.

त्या फाइलमधलं एक अक्षर जरी हललं तरी एम्युलेटर ओळखत नाही म्हणे. पेनड्राइव्हवर तेवढी एकच प्रत होती, तीही मीच सुधारलेली.

गुरुवार, १३

काकांचं दुकान बंद. पुतणीचं लग्न. आताच व्हायचं होतं!

शनिवार, १५

दुकान उघडलं. परत तेच कार्ड, तोच निळा पडदा. या वेळी काका म्हणाले, "ताई, घरी जाऊन वाचू नका हं."

वाचलं नाही. नवऱ्याने फाइल जागेवर ठेवली. चकतीची प्रत आधीच काढून ठेवली होती, तीही घरच्याच चकतीवरून. कंट्रोलर जोडला — आणि पडद्यावर बाग!! तीच धून, तेच हिरवे वाफे. मला रडू आलं. काय झालं, कसं झालं, अजून धड कळलेलं नाही. कळायला हवं असंही नाही.

आई आल्या, खुर्ची ओढली, मला म्हणाल्या, "जरा सरकता का?" हल्ली मला अहो-जाहो करतात. सवय झालीय. झालीय म्हणते, पण दर वेळी मागे वळून बघतेच, कुणाशी बोलतायत म्हणून. बसल्या आणि पहिली बाग भिजवूनच वर पाहिलं. बोटं कशी चालत होती! पावती विचारली. मी म्हणाले, "घरच्याच डब्यातलं आहे." मान डोलावली.

रविवार, १६

नणंदबाई आल्या, घड्याळ बघून बसल्या. आई खेळत राहिल्या. मी शेजारच्या खोलीत दार उघडं ठेवून प्रूफं वाचली — अख्खं प्रकरण. चहा झाला तरी आई उठल्या नाहीत. नणंदबाई त्यांच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आई, तो डावीकडचा नळ फिरव ना." आई म्हणाल्या, "मधे बोलू नकोस."

निघताना नणंदबाईंनी माझा हात धरला. "राहू दे तिला इथेच." मी जिंकले! जेवताना गुणगुणत होते.

सोमवार, १७

आज आईंनी खेळ थांबवला, दाराकडे पाहिलं, मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तुम्ही माझं फार करता, म्हणून तुम्हालाच सांगते. माझी सून फार दमते हो. मला ठेवून घेतील अशी एखादी जागा बघा. तिला मात्र कळू देऊ नका, ती जाऊ द्यायची नाही."

मी "बरं" म्हणाले.