बत्तीसशे डॉलर्सचं ऊन

१८ मार्च १९८४, हर्नडन
छपरावर सोलर वॉटर हीटर बसला. किंमत आठ हजार. पद्मिनीचा चेहरा उतरला. तिला समजावलं : चाळीस टक्के सरकार टॅक्स क्रेडिट म्हणून देतं. म्हणजे बत्तीसशेचा चेक. पुढच्या वर्षी सुमेधासकट तिघं इंडियाला, तेही सरकारच्या खर्चाने!

२ एप्रिल
हीटरचा हप्ता जड जातोय. ऑफिसात फॉर्म भरून पगारातून टॅक्स कापणं जवळजवळ बंद करून घेतलं. टॅक्स लागणारच नाही, तर कापू कशाला द्यायचा? हेही पैसे हातात आणि पुढे चेकही. लोकांना हे सुचत कसं नाही?

९ डिसेंबर
मेहुण्याचं, प्रतापचं, लग्न ठरलं. मे महिन्यात, नागपूरला. पद्मिनी त्याची एकुलती बहीण, म्हणजे करवली तीच. पाच वर्षांत माहेरी गेलेली नाही. सासऱ्यांना फोन करून तिघंही येतोय म्हणून सांगितलं. सोलरही समजावलं. जावई हुशार निघाले, म्हणाले. मिनिटाला डॉलर पडत होते, म्हणून पद्मिनीने फोन काढून घेतला.

१९ जानेवारी १९८५
मंडळाचा तिळगूळ. चौघांना क्रेडिटचं गणित समजावलं. हेमचंद्र अकाउंटंट आहे. वर्षभरात टॅक्स किती कापला गेला, असं त्याने विचारलं. नगण्य, म्हटलं. त्याने हातातला तिळगूळ खाली ठेवला. जळला बहुतेक. रिटर्न बघून देतो म्हणाला. नको म्हटलं. इंजिनियरला वजाबाकी येते.

१७ फेब्रुवारी
रिटर्न भरला. रिफंड एकशे एकोणनव्वद. तीनदा केलं, तेवढेच. फॉर्म चुकीचा छापलाय.

१८ फेब्रुवारी
हेमचंद्रला फोन. एका मित्राचा प्रश्न आहे, असं सांगून. तो म्हणाला, क्रेडिट टॅक्स शून्यावर आणतं, शून्याखाली नेत नाही. उरलेलं हातात मिळत नाही, पुढच्या वर्षीच्या टॅक्सातून वजा होतं. कापलेला टॅक्स तेवढा परत येतो. मित्राने कापूच दिला नाही, तर परत काय येणार? त्याचा रिफंड त्याने वर्षभर पगारातच खाल्ला.
शेवटी म्हणाला, वहिनींना सांगितलंस का?
फार लाज वाटली.

३ मार्च
आज पद्मिनीला सांगणार होतो. ती लग्नात नेसायची पैठणी काढून घडी बदलत होती. उद्या नक्की.

१० मार्च
नाही सांगितलं. आधी कर्जाची सोय करावी म्हटलं. हीटरचं कर्ज डोक्यावर असताना बँक नाही म्हणाली.

२४ मार्च
सांगितलं. ती भांडली नाही. बाबांना काय सांगायचं, एवढंच विचारलं. रजा मिळत नाही म्हणून सांग, म्हटलं. तूच सांग, म्हणाली.
सांगितलं. सासरे म्हणाले, नोकरी आधी, मनाला लावून घेऊ नका. खोटं मी बोललो आणि समजूत ते माझी काढत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

७ एप्रिल
मंडळातल्या सरलाकाकू नागपूरला निघाल्यात. पद्मिनीने त्यांच्याबरोबर पैठणी पाठवली. मावसबहीण सुलेखा नेसेल. करवली आता तीच.

२७ एप्रिल
लग्नपत्रिका आली. आमचं जाणं रद्द व्हायच्या आधीच छापलेली. खाली, पद्धतीप्रमाणे, घरातल्या लहान मुलाच्या नावाने ओळ : 'माझ्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं! – सुमेधा.'
सात वर्षांच्या सुमेधाने अक्षरं लावत स्वतःचं नाव वाचलं. पुढचं पद्मिनीने वाचून दाखवलं. सुमेधाने मला इंग्रजीत विचारलं, मी सगळ्यांना बोलावलंय, मग आपण का नाही जात?
पद्मिनी माझ्याकडे बघत राहिली. मी टॉवेल घेऊन आंघोळीला गेलो. पाणी छान गरम होतं.