तीनशे की साडेतीनशे

१० नोव्हेंबर, सोमवार
पणजीच्या क्लिनिकमध्ये जाऊन आले. ऑपरेशन करायचंच. छाती भरदार झाली की माणसाचा कॉन्फिडन्स वाढतो. हे मी फक्त स्वतःसाठी करते आहे, असं डॉक्टरीणबाईंना तीनदा सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.
प्रश्न उरला इम्प्लांटच्या साइजचा. त्या म्हणाल्या, घाई नको. पातळ मोज्यांत तांदूळ मापून भरा, गाठ मारा, ब्लाउजच्या आत घालून घरात वावरा. जो साइज आपला वाटेल तो चोवीस तारखेला कळवा.
नवऱ्याला, गौरेशला, इतक्यात सांगणार नाही. आधी त्याच्या डोळ्यांत भरू दे. (अर्थात त्याच्यासाठी नाहीच.)

११ नोव्हेंबर
२५० सीसी. घरात तांदूळ असतात ते पेजेचे, उकडे, जाड, तांबूस. तेच भरले. कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे नॅचरल दिसतं.

१३ नोव्हेंबर
अजूनही कुणाच्या लक्षात नाही. हे जरा जास्तच नॅचरल. ३००.
नवऱ्याचं पेडण्यात गॅरेज आहे. रस्त्यापलीकडच्या स्कूटरच्या टायरात हवा कमी आहे हे त्याला बसल्या जागी कळतं. मी ताठ उभी राहून त्याला दोनदा चहा दिला. मान खाली घालूनच त्याने साखर मागितली.

१५ नोव्हेंबर
३५०. पाठ दुखते. पोश्चर सुधारत असणार.
सासूबाई तांदळाच्या डब्यात डोकावल्या, मग माझ्याकडे बघत राहिल्या. तुका बरा आसा मा गो, असं विचारलं. बिचाऱ्या. त्यांना यातलं काय कळणार?

१७ नोव्हेंबर
चोपड्याला माहेरी जाऊन आले. बसमध्ये घामाने जीव गेला. पोचल्याबरोबर मोजे काढून आईच्या कपाटात टाकले आणि निघताना तिथेच विसरले. परतीला फार हलकं वाटलं. सासूबाई दारातच होत्या. जातानाही दारातच होत्या.

१९ नोव्हेंबर
नवे मोजे. एकदम ४००. मोठं स्वप्न बघायला भ्यायचं नाही.
सासूबाई अचानक फार मायेने वागतात. तांदळाचा डबा काठोकाठ भरून ठेवला आहे. कुळारची माणसां बरी मगे, अशी माहेरची चौकशी दिवसातून दोनदा करतात. गौरेश तर आता मी समोर आले की खिडकीबाहेरच बघतो. लाजत असेल. इफेक्ट सुरू झाला.

२३ नोव्हेंबर, रविवार
डिचोलीला नणंदेचं, गौरवीचं लग्न. नवी सिल्क साडी, ४००. आज बघणारच.
मंगलाष्टकं चालू. अक्षता टाकायला हात वर केला आणि डावी गाठ सुटली. तांदूळ ब्लाउजमधून निऱ्यांत, निऱ्यांतून थेट नवरा-नवरीच्या पाटापर्यंत. मी पायाने सारत होते, पण चारशे सीसी पायाने सरत नाहीत.
वरमाईंनी दाणा उचलला. अक्षतांत उकडे? पेजेचे तांदूळ आमच्या झिलाच्या माथ्यार? मंगलाष्टकं थांबली. अंतरपाटामागे गौरवी रडायला लागली. वरमाई म्हणाल्या, हो अपशकुन, आता लगीन पुढे जावचा नाय.
तेवढ्यात सासूबाई हात जोडून पुढे झाल्या. माका दिसाना गो बाय, म्हणाल्या, चुकीचो डबो मियांच हाडलंय. साठीच्या बाईने भर मंडपात माफी मागितली. वरमाई विरघळल्या.
खरं काय ते मी सांगणारच होते. पण मंगलाष्टकं पुन्हा सुरू झाली, मध्ये बोलणं बरं दिसत नाही. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन उभी राहिले.
गौरेश शेजारी आला आणि कानात म्हणाला, डावीकडची हवा गेली गो.
बघितलं! त्याने बघितलं!

२४ नोव्हेंबर
सकाळी स्कूटरवर तांदळाचं पोतं. म्हटलं, हे कुठे? सासूबाईंनी मला जवळ बसवून घेतलं. कुळारा अडचण आसा तर सांगूचा मगे, म्हणाल्या, ब्लाउजात लपवून थोडे थोडे कित्याक न्हेतंस?
त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. चोपड्याला भरून गेले आणि रिकामी आले, तेव्हा खात्री पटली. गौरेशलाही माहीत होतं. तुला लाज वाटू नये म्हणून तुझ्याकडे बघितलं नाही, म्हणाला. जितके तांदूळ जास्त, तितकी मान खाली.
खरं ओठांवर आलं होतं. पण चोरी परवडली.
अडचण आहे, म्हटलं.
दुपारी चोपड्याला गेलो. स्कूटरवर आमच्या दोघांच्या मध्ये पोतं. आईला आधीच फोन करून ठेवला होता, काही न विचारता घे म्हणून. तिने घेतलं, पण माझ्याकडे जे बघितलं ते लिहीत नाही.
संध्याकाळी गौरेशला चहा दिला. आत काही नव्हतं, माझी मीच. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्याने मान वर करून मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. मी श्वास रोखून धरला.
आज काय न्हेऊक नाय मा, म्हणाला, आणि समाधानाने चहा प्यायला.
क्लिनिकला कळवलं, साइज ठरला नाही. आता डब्यातून तांदूळ काढायला सासूबाई स्वतः उठतात, मला हात लावू देत नाहीत.