रिलेला बांधलेली ट्यूब

३ फेब्रु. ८७
आज पुन्हा तेच. समोरच्या राइस मिलची मोटर सुरू झाली, लाइनचं व्होल्टेज बसलं, माझं इन्व्हर्टर लाइनपासून तुटून मोकळं. संस्थेचे प्राचार्य वर्मा दारातच उभे. "आपकी मशीन बड़ी नाज़ुक है, देशमुखजी." नाजूक! गच्चीवरच्या सौर पॅनलांची वीज लाइनच्या तालात तालुका लाइनीत सोडायची, आणि लाइन बिघडली की रिलेनं तात्काळ वेगळं व्हायचं. तसंच बनवलंय. बालाघाटची लाइनच दारुड्यासारखी चालते, त्याला मी काय करू.
म्हणे भोपाळहून मंडळी येणार, मशीन दिवसभर चाललं पाहिजे.

८ फेब्रु., रविवार
शालिक जेवायला. सुमनचा धाकटा भाऊ, लाइनमन. संस्थेकडची लाइन त्याच्याच वाट्याला. मशीनचं ऐकून घेतलं आणि घास हातातच ठेवून म्हणाला, "भाऊजी, आमी लाइन बंद करून खांबावर चढतो. तवा तुमचं मशीन इकडून करंट देऊन राह्यलं तं?"
म्हटलं, त्यासाठीच रिले. लाइन गेली की मशीन तुटतं.
"मंग हौ."
लाइन मेली की नाही हे ही मंडळी कसं बघतात, तर उलट्या हातानं तार शिवून. तार जमिनीला जोडून ठेवायची अर्थिंगची साखळी ऑफिसात कुलपात. सुमननं ऐकलं आणि ताटावरून उठली.

१६ फेब्रु.
सकाळपासून मशीन एकदाही तुटलं नाही. खूश होऊन उघडलं, तर रिलेचा पत्रा सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधलेला, सुटूच नये असा. प्रयोगशाळेतल्या बिसेनचं काम. त्याचं शेत कटंगीकडं. तिकडं प्रत्येक पंपाचा स्टार्टर असाच बांधतात, म्हणजे लाइन आली की मोटर आपोआप सुरू, रात्री उठायला नको.
"साहब, हमारे यहाँ सबके ऐसेच बंधे हैं."
बिचाऱ्याला वाटलं मला मदत केली. ट्यूब सोडली, समजावलं. त्यानं मान डोलावली आणि जाऊन वर्मांना सांगितलं की बांधल्यावर मस्त चालतं.

२३ फेब्रु.
भोपाळची मंडळी आली. हार, समोसे, फोटो. ट्यूब पुन्हा जागेवर, या वेळी वर्मांच्या हुकुमानं. मी सगळ्यांसमोर सांगितलं, रिले बांधलाय, लाइन बंद असताना कोणी खांबावर चढला तर मरेल. वर्मा हसले. "हमारे इंजीनियर साहब ज़रा डरपोक हैं." मंडळीही हसली. भाषणात माझं नाव नाही. दोन वर्षं स्वतःच्या हातानं ट्रान्सफॉर्मर गुंडाळला मी.
संध्याकाळी प्रयोगशाळेला नवं कुलूप. किल्ली वर्मांकडे.

२५ फेब्रु.
वीज ऑफिसात गेलो. मोठ्या बाबूला चित्र काढून दाखवलं. संस्थेचा फाटा टोकाला, दुपारी घरं बंद, वीज ओढणारं कोणी नाही. लाइन तोडली तरी मशीन फाट्याच्या तारेत जीव ठेवेल.
"अरे साहब, धूप से कहीं तार में करंट आता है?"
शेजारच्या टेबलावरचेही हसले. चहा मात्र पाजला.
शालिकला गाठलं. संस्थेकडच्या खांबावर साखळीशिवाय चढू नको. "हौ भाऊजी." त्याचा हौ मला ठाऊक आहे. शिडी लावायच्या आधी वर पोचलेला असतो.

२ मार्च
सुमन दोन दिवस धड बोलत नाही. आज भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता, "तुमीच बनवलं न ते? मंग तुमीच बंद करा."
मला राग आला. तिचा नाही. वर्मांचा, बाबूचा, आणि सगळ्यांत जास्त त्या मशीनचा, कारण ते खरंच सुंदर चालतंय. लाइनशी असं जुळलंय की स्कोपच्या पडद्यावर दोन रेघांची एकच दिसते. हेच पाहायला जीव टाकला होता.

५ मार्च
वर्मा जबलपूरला, किल्ली खिशात घेऊन. मशीन चालूच.
काल शालिकचा निरोप होता, आज बारानंतर लाइन बंद करून संस्थेकडचा टोकाचा खांब. सकाळी तो हट्टा गावाकडे, तिथूनच सरळ येणार. खांबाखाली उभा राहून आज त्याला अडवीन. पण रोज कोण अडवणार? उद्या दुसरा लाइनमन येईल, तो मला ओळखतही नाही.
गच्चीचा जिना बाहेरून आहे. पॅनलांच्या तारा तिथेच कापायच्या. नुसते जोड काढले तर वर्मा परत जोडून घेतील. सरकारी माल आहे, नोकरी जाईल. जाऊ दे. सुमननं न विचारता कटर आणि रबरी हातमोजे टेबलावर आणून ठेवलेत. अकराला निघायचं, म्हणजे तो येण्याआधी दोन्ही तारा—

रेडिओ बंद पडला. लाइन बारानंतर जायची होती, आत्ता कुठे साडेदहा. बाहेर ऊन लख्ख पडलंय.